कुमारांसाठी कादंबरी : शिफारस, संस्कार आणि निवेदक

१

कुमारवयीन वाचकांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो आणि त्याची उत्तरेही तितक्याच वारंवार दिली जातात. शालेय ग्रंथालयांच्या याद्या, वाचनप्रकल्प, नियतकालिकांचे विशेषांक आणि पुरस्कारांची निवड या सर्व ठिकाणी ही उत्तरे विखुरलेली आहेत. उत्तरांची वानवा नाही. वानवा आहे ती उत्तरांमागील निकषांच्या चर्चेची. अमुक कादंबरी मुलांच्या हाती द्यावी असे म्हणणाऱ्याने ती का द्यावी हे सांगितलेच पाहिजे, असा आग्रह मराठी समीक्षेने धरलेला दिसत नाही. शिफारस हे शिक्षकांचे, पालकांचे किंवा ग्रंथपालांचे काम, आणि मूल्यमापन हे समीक्षकांचे, अशी एक अघोषित वाटणी आपण मान्य करून टाकली आहे.

ही वाटणी टिकणारी नाही. शिफारस करणारा एकाच वेळी तीन गोष्टी करीत असतो. तो एका साहित्यकृतीचे मूल्य ठरवतो, तिला इतर कृतींहून वेगळे काढतो आणि ती वाचू शकेल अशा एका वाचकाची कल्पना करतो. या तिन्ही कृती समीक्षाव्यवहाराच्याच आहेत. फरक इतकाच, की समीक्षेला आपल्या गृहीतकांची कबुली द्यावी लागते आणि शिफारशीला ती द्यावी लागत नाही. यादीत कारणे नसतात. त्यामुळे यादीशी वाद घालता येत नाही.

या लेखाचे निमित्त सांगणे येथे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा कादंबऱ्या निवडण्याच्या एका छोट्या समितीत प्रस्तुत लेखक होता. पहिल्या कच्च्या यादीत मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी होती. नववीतल्या मुलाच्या प्रेमाची कथा नववीतल्या मुलांना कशी द्यायची, असा आक्षेप आला. चर्चा पाच मिनिटेही चालली नाही. कादंबरी वगळली गेली आणि तिच्या जागी एक निरुपद्रवी चरित्रात्मक कादंबरी आली. प्रस्तुत लेखकाने त्या पाच मिनिटांत मौन पाळले. या मौनाचे कारण भिडस्तपणा हे होतेच. पण तेवढेच नव्हते. 'शाळा' ही चांगली कादंबरी आहे हे सिद्ध करण्याची परिभाषा हाताशी होती. ती त्या वयाच्या वाचकाला द्यावी हे पटवण्याचा युक्तिवाद मात्र हाताशी नव्हता. पुढील विवेचन हा त्या उशिरा सुचलेल्या युक्तिवादाचा प्रयत्न आहे.

२

प्रथम 'कुमार' या संज्ञेकडे पाहिले पाहिजे. आपल्या शिक्षणव्यवस्थेने वयाची विभागणी पाठ्यपुस्तकांच्या नावांतून केली आहे. 'बालभारती'नंतर नववी-दहावीत 'कुमारभारती' आणि अकरावी-बारावीत 'युवकभारती' येते. पाठ्यपुस्तक मंडळाचेच 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघते आहे. बाल, किशोर, कुमार, युवक हा क्रम आपल्याला निसर्गदत्त वाटू लागतो. वस्तुतः 'कुमार' ही अवस्था निसर्गाने जितकी घडवली आहे, तितकीच शाळेनेही घडवली आहे. शरीराने वाढलेल्या, पण कामाच्या आणि संसाराच्या जबाबदारीत अद्याप न ढकललेल्या व्यक्तीला समाज जी काही वर्षे मोकळी ठेवतो, त्या वर्षांना आपण कुमारवय म्हणतो. ज्याला ही मोकळीक मिळत नाही, त्याचे वय वाढते. परंतु त्याला कुमारवय लाभतेच असे नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिची निवेदक यमू आपले लहानपण, लग्न, सासर आणि वैधव्य स्वतः सांगते. 'मी कशी वाढले' ही कथा मराठी कादंबरीत प्रथम सामर्थ्याने सांगणारी व्यक्ती अशा रीतीने एक मुलगी आहे, भले तिचा लेखक पुरुष असो. या वस्तुस्थितीकडे कुमारसाहित्याच्या चर्चेत कोणी लक्ष दिलेले नाही. यमू केवळ पदव्युत्तर अभ्यासक्रमात भेटते. कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. त्यावरून उसळलेला वाद सर्वश्रुत आहे. मुलीच्या लग्नासाठी चौदा वर्षांची किमान मर्यादा येण्यास १९२९ उजाडावे लागले. यमूच्या जगात बालपण आणि संसार यांच्यामध्ये रिकामी जागाच नाही. कादंबरीतील तिची घडण म्हणजे त्या नसलेल्या जागेची कथा होय.

यावरून दोन गोष्टी हाती लागतात. एक, कुमारांची कादंबरी ही शाळेच्या आधाराने उभी राहिलेली कादंबरी आहे. शाळा तिचे केवळ स्थळ नसून तिच्या शक्यतेची अट आहे. दोन, ज्यांना शाळेने आणि समाजाने ही मोकळी वर्षे दिली नाहीत, त्यांच्या वाढण्याची कथा 'कुमार कादंबरी' या कप्प्याबाहेर शोधावी लागेल. या दुसऱ्या मुद्द्याकडे पुढे यावयाचे आहे.

३

शिफारशींच्या मराठी परंपरेत आजवर प्रभावी ठरलेला निकष 'संस्कार' हा आहे आणि त्याचे अधिष्ठान 'श्यामची आई' हे पुस्तक आहे. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि त्यातील मातेची प्रतिमा पुस्तकाहूनही अधिक घरांत पोहोचली. आज या पुस्तकाची शिफारस करण्यास कोणाचीही हरकत नसते. हरकत नसणे हीच त्याच्या वाचनातील मोठी अडचण होऊन बसली आहे.

पुस्तकाची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे येथे एक भोगणारा श्याम आहे आणि एक सांगणारा श्याम आहे. पाण्याला भिऊन लपून बसणारा आणि आईचा मार खाणारा मुलगा हा पहिला. त्या माराचा अर्थ उमगलेला, अश्रूंनी गहिवरणारा प्रौढ हा दुसरा. या दोघांमधील अंतर सांगणाऱ्याने आधीच पार केलेले असते. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी निष्कर्ष तयार असतो, आणि मित्रमंडळ तो ऐकून भारावलेले असते. या मित्रमंडळाचे स्थान महत्त्वाचे आहे. वाचकाने कोठे बसावे, हे संहितेने त्या वर्तुळात आखून ठेवले आहे. वोल्फगांग ईझर यांनी अभिप्रेत वाचक ही संहितेतीलच एक रचना मानली, तिचा येथे सहज प्रत्यय येतो.

परंतु 'श्यामची आई' एवढ्यात संपत नाही. संस्काराच्या या सुबक चौकटीच्या आत एका कुटुंबाच्या आर्थिक ऱ्हासाची अत्यंत कठोर कथा आहे. वडिलांचे कर्ज, दाराशी येणारा सावकाराचा माणूस, घरातील स्त्रीच्या वाट्याला येणारा अपमान आणि गावात घसरत जाणारी प्रतिष्ठा हे सारे त्या मुलाने पाहिले आहे. याहून महत्त्वाचे असे, की आईच्या अंतकाळी श्याम तिच्याजवळ नाही. तो पोहोचतो तेव्हा सारे संपलेले असते. संपूर्ण निवेदन या अनुपस्थितीतून उगवले आहे. सांगणारा श्याम इतका निःशंक का आहे, याचे उत्तर भोगणाऱ्या श्यामच्या न फिटलेल्या अपराधभावात सापडते. कुमारवयीन वाचकाला भिडेल असे काही या पुस्तकात असेल, तर ते येथे आहे. परंतु संस्कारनिष्ठ शिफारस नेमके हेच झाकून टाकते. मुलाला आपण उपदेश देतो आणि त्याखालची वेदना काढून घेतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उभा आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, 'ट्टॉक' असा आवाज काढतो आणि मोठ्यांना न उलगडलेली रहस्ये उलगडतो. संस्काराच्या निकषावर ही पुस्तके दीर्घकाळ 'नुसती करमणूक' ठरली. या करमणुकीतील एक क्रांतिकारक गोष्ट मात्र नजरेआड झाली. येथे प्रौढांच्या निवेदनाने मुलाच्या कृतीवर निकाल दिलेला नाही. मुलगा पाहतो, तर्क करतो, चुकतो आणि पुन्हा धावतो. जगाचे ज्ञान तो स्वतः मिळवतो. मराठी मुलाला कर्तेपण देणारा हा नायक आहे, आणि त्याचे ऋण मान्य न करता कुमारवाचनाचा इतिहास लिहिता येणार नाही.

मात्र फास्टर फेणे वाढत नाही. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाताना त्याच्या अनुभवाचा साठा त्याच्या मनावर कोणताही वळ उमटवत नाही. साहसकथेच्या दृष्टीने हा दोष नाही, ती या प्रकाराची अटच आहे. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाच्या जीवनातील सर्वांत मोठी घटना म्हणजे काळ. आपण कालचे उरलेलो नाही ही जाणीव. ती जाणीव या मालिकेच्या कक्षेत येऊ शकत नाही. श्यामच्या कथेत काळ आहे, पण त्याचा अर्थ आधीच लावून झाला आहे. बनेशच्या कथेत अर्थ मोकळा आहे, पण काळच नाही.

४

या पार्श्वभूमीवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' या पुस्तकाचे महत्त्व ध्यानात येते. त्यानंतर 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' अशी ही मालिका पुढे गेली. काटेकोरपणे पाहता या कादंबऱ्या नव्हेत. एकाच मुलाभोवती गुंफलेल्या दीर्घकथा आहेत. परंतु त्या सलग वाचल्या असता वाढण्याची जी एक रेषा उमटते, ती कादंबरीचीच आहे. आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील एका गावात आजी-आजोबांकडे राहणारा लंपन आपली गोष्ट स्वतः सांगतो. लेखक त्या वेळी पन्नाशी ओलांडलेला आहे, पण प्रौढ निवेदक संहितेतून जवळजवळ पूर्णपणे अंतर्धान पावला आहे. सांगणारा आणि भोगणारा यांच्यातील अंतर येथे मिटवले गेले आहे.

याचा परिणाम भाषेत दिसतो. लंपनची कानडी वळणाची मराठी, त्याचे ठरलेले शब्द, मोजमापांची त्याची अतिशयोक्त हौस, सुमीबद्दल काहीतरी वाटते आहे पण काय ते न कळणे, या सर्वांना लेखकाने अर्थाचे शेपूट जोडलेले नाही. लंपनला जे कळत नाही ते वाचकाला कळते, आणि तरीही वाचक लंपनहून वरचढ ठरत नाही. कुमारवयीन वाचकाच्या दृष्टीने ही रचना फार मोलाची आहे. तो लंपनहून दोनचार वर्षांनीच मोठा असतो. म्हणून नुकतेच मागे पडलेले आपले न-कळणे तो येथे पहिल्यांदा बाहेरून पाहू शकतो. 'वनवास' प्रस्तुत लेखकाच्या हाती आले ते अशाच वयात, कोणाच्याही शिफारशीवाचून. पुस्तक मिटल्यावर आपण लहान उरलो नाही, हे प्रथम लक्षात आले. त्याची जी हुरहुर वाटली, ती कोणत्याही संस्कारकथेने दिली नव्हती.

'शाळा' याच वाटेने पुढे जाते, पण तिचा प्रदेश अधिक धोक्याचा आहे. १९७५-७६ चा काळ, आणीबाणी, नववीचा वर्ग. मुकुंद जोशी हा निवेदक आणि सूर्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे सोबती. मुकुंदाचे शिरोडकरवर प्रेम आहे. कथानक एवढेच. परंतु कादंबरीचे खरे आशयसूत्र प्रेम हे नसून ज्ञानाची वाटणी हे आहे. कोणाला काय ठाऊक आहे, कोण काय लपवतो, मोठ्यांच्या बोलण्यातून काय झिरपते, मित्रांच्या कोंडाळ्यात कोणता शब्द कोणत्या अर्थाने चालतो, याचे अखंड भान मुकुंदाला ठेवावे लागते. आणीबाणीही त्याच्यापर्यंत अशीच, अर्धवट आणि मोठ्यांच्या गप्पांतून पोहोचते. बोलण्यावर बंधन असलेला देश आणि बोलता न येणारा मुलगा यांची सांगड लेखक कोठेही बोट दाखवून घालत नाही. ती घालण्याचे काम वाचकावर सोपवले आहे, आणि चौदा वर्षांचा वाचक ते करू शकतो हा विश्वास त्यात गृहीत आहे.

अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते. मुकुंदाच्या हाती काही लागत नाही आणि पुढचा वर्ग समोर उभा असतो. येथे सांत्वन नाही, निकाल नाही, बोधही नाही. समितीतील आक्षेप आठवून पाहावा : नववीतल्या मुलाचे प्रेम नववीतल्या मुलांना का द्यावे? त्याचे उत्तर असे, की ही कादंबरी प्रेम करावयास शिकवत नाही; ते तर मुलांनी आपापले आधीच आरंभलेले असते. आपल्या मनात चाललेल्या गोंधळाला भाषा असू शकते आणि त्या भाषेत लाज, विनोद आणि हानी एकत्र नांदू शकतात, एवढा दिलासा ती देते. हा दिलासा तिशीत मिळून उपयोगाचा नाही. आपण ज्याला संरक्षण म्हणतो, ते अनेकदा विलंबाचे दुसरे नाव असते.

तथापि 'शाळे'ची एक मर्यादा शिफारस करणाऱ्याने लपवू नये. पदव्युत्तर वर्गात या कादंबरीची चर्चा चालू असता एका विद्यार्थिनीने विचारले होते, की शिरोडकरला काय वाटले हे या पुस्तकात कोणाला ठाऊक आहे? प्रश्न अचूक होता. मुकुंदाच्या दृष्टिकोनाशी कादंबरी इतकी प्रामाणिक राहते, की शिरोडकर नेहमी पाहिली जाते, पाहत नाही. ही लेखनातील चूक नव्हे, प्रथमपुरुषी निवेदनाची ती किंमत आहे. परंतु वर्गातील अर्ध्या वाचकांना ही किंमत मोजावी लागते, आणि आपल्या याद्या पाहिल्या तर ती त्यांनी सतत मोजलेली आहे. श्याम, गोट्या, बनेश, लंपन, मुकुंद अशी ही मालिका आहे. मुलींनी मुलांच्या जागी बसून वाचावे, हे आपण गृहीत धरले. मुलांनी मुलीच्या जागी बसून वाचावे, असे क्वचितच सुचवले.

५

आता मघाच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येऊ. वर उल्लेखिलेल्या नायकांत आणखी एक साम्य आहे : शाळा ही त्यांची हक्काची जागा आहे. श्यामचे घर कर्जात बुडते, पण शाळेत त्याने कोठे बसावे हा प्रश्न उद्भवत नाही. ज्यांच्या बाबतीत तो उद्भवला, त्यांची वाढण्याची कथा मराठीत कुमार कादंबरीच्या रूपाने क्वचितच आली. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये कौतिकच्या संसाराबरोबर नामाचे शिक्षणही पणाला लागलेले दिसते. पण ही कादंबरी मुलांच्या यादीत कोणी घालत नाही. दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील वाढण्याच्या कथा प्रामुख्याने आत्मकथनांतून आल्या. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) आणि किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) यांचा मोठा भाग बालपण आणि शाळा यांनी व्यापलेला आहे.

'अक्करमाशी'तील शाळेच्या सहलीचा प्रसंग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. सवर्ण मुले एकीकडे जेवतात, महारांची मुले दुसरीकडे. आणि उरलेले अन्न या मुलांच्या वाट्याला येते. पुढे वर्गात सहलीवर निबंध लिहावयास सांगितले जाते. त्या मुलाने काय लिहावे? 'माझी सहल' हा विषय सर्वांना सारखाच दिला गेला आहे, परंतु सहल सारखी नव्हती. मराठी शाळेतील निबंधलेखनावर, आणि पर्यायाने आपल्या कुमारसाहित्याच्या गृहीतकांवर, याहून मर्मभेदी भाष्य झालेले नाही. हे पुस्तक कादंबरी नाही म्हणून कादंबऱ्यांच्या यादीत नको, असा वाङ्मयप्रकाराचा दंडक लावला, तर यादी नियमाला धरून होईल. पण ती कोणाच्या वाढण्याला वाढणे मानते, हेही त्याच वेळी उघड होईल. 'वनवास'च्या कथांना आपण कादंबरीच्या यादीत सवलतीने घेतो. तीच सवलत आत्मकथनांना नाकारण्याचे वाङ्मयीन कारण देता येत नाही.

अशा पुस्तकांतील काही भाग कुमारवाचकांना सोसवणार नाहीत, हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. सर्व आत्मकथने सर्वांना सरसकट द्यावीत असे येथे म्हणावयाचे नाही. लैंगिक हिंसेचे तपशील, वाचकाची तयारी, सोबत कोणी बोलणारे आहे की नाही, याचा विचार शिफारस करणाऱ्याने करावयाचाच आहे. परंतु 'सोसवणार नाही' असे म्हणताना आपल्या नजरेसमोर कोणता वाचक असतो? वर्गातील काही मुलांनी हे केवळ वाचलेले नसून पाहिलेले असते. त्यांना वगळून कल्पिलेला कोमल वाचक हा आपल्याच घरातील मुलाचे सामान्यीकरण असतो. इंग्रजी बालसाहित्यासंदर्भात जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये असे प्रतिपादन केले, की बालसाहित्यातील 'मूल' ही बहुधा प्रौढांच्या इच्छेने रचलेली प्रतिमा असते. आपल्याकडे या प्रतिमेला जात आणि वर्गही असतो, एवढी भर त्यात घातली पाहिजे.

अलीकडच्या लेखनात ही प्रतिमा काहीशी सैल होऊ लागली आहे, हेही नोंदवले पाहिजे. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केल्यानंतर मराठीत मान्यता पावलेल्या पुस्तकांत ल. म. कडू यांचे 'खारीच्या वाटा' आहे. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावाचा अनुभव ते मुलाच्या नजरेतून मांडते. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'त एक मुलगी स्वतः लिहिते आहे. ही संख्या मोठी नाही; पण निवेदन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आता लेखनातच विचारला जाऊ लागला आहे. शिफारशीने त्याच्या मागे राहू नये.

६

या विवेचनातून शिफारशीचा जो निकष सुचवावासा वाटतो, तो असा : कादंबरीत मुलाचे कळणे आणि न-कळणे यांची वाटणी कोण करते आणि त्या वाटणीत कुमारवाचकाला कोणती जागा मिळते, हे आधी पाहावे. या निकषावर विषयाची सोवळी-ओवळी यादी निरुपयोगी ठरते. प्रेम, मृत्यू, अपमान किंवा भूक हे विषय कुमारांसाठी योग्य की अयोग्य, हा प्रश्न गौण होतो. त्या विषयासमोर वाचकाला केवळ श्रोता म्हणून बसवले आहे की अर्थ लावणारा म्हणून, हा प्रश्न मुख्य होतो. सांगणारा आणि भोगणारा यांच्यातील अंतर सदैव मिटलेलेच असावे, असाही याचा अर्थ नाही. यमूच्या निवेदनात हे अंतर आहे, आणि तेथे ते निकाल देण्यासाठी येत नाही. बालवयात कळले नाही ते आज कळून उपयोग उरलेला नाही, ही शोकात्म जाणीव त्यातून व्यक्त होते. अंतर असणे अगर नसणे यापेक्षा त्या अंतरात वाचकाला वावरता येते की नाही, याला महत्त्व आहे.

दुसरी सूचना व्यवहाराची आहे. एकेकट्या पुस्तकाची शिफारस करण्याऐवजी दोन पुस्तके जोडीने द्यावीत. कोणतीही एक कादंबरी सर्व वाचकांना जागा देऊ शकत नाही. परंतु दुसरी कादंबरी पहिलीतील रिकाम्या जागा दाखवू शकते. 'शाळे'बरोबर 'पण लक्षात कोण घेतो?'चा पूर्वार्ध द्यावा; म्हणजे शिरोडकरचे न ऐकू आलेले बोलणे मुलांना निदान प्रश्न म्हणून तरी ऐकू येईल, आणि यमूला जी वर्षे मिळाली नाहीत ती मुकुंदाला मिळाली, हेही दिसेल. 'श्यामची आई'बरोबर 'अक्करमाशी'तील शालेय प्रसंग वाचावेत. दोन मुलांची गरिबी एकाच जातीची नसते, हे त्यातून कोणी न सांगताही उमगेल. फास्टर फेणेबरोबर लंपन द्यावा; धावणारा मुलगा आणि थबकून पाहणारा मुलगा यांपैकी आपण केव्हा कोण असतो, याचा विचार वाचकाने करावा. या जोड्या अंतिम नाहीत. त्यांच्याशी वाद घालता यावा, म्हणूनच कारणांसह येथे मांडल्या आहेत.

शेवटी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या वयातील सर्वांत खोल वाचन बहुधा शिफारशीबाहेरच घडते. 'कोसला' (१९६३) कोणी कुमारांसाठी लिहिली नाही आणि कोणी त्यांच्या हाती दिली नाही. तरीही पिढ्यानपिढ्या कोवळ्या वाचकांनी ती आपणहून शोधून काढली. दिलेल्या पुस्तकाकडून सापडलेल्या पुस्तकाकडे जाणे, हाच कुमारवयाचा वाचनप्रवास आहे. शिफारस हा प्रवास घडवू शकत नाही. पण ग्रंथालयाच्या कपाटात जे ठेवलेलेच नाही, ते कोणाला सापडणार, हा प्रश्न उरतोच. आणि ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत त्याच्या बाबतीत शाळेचे कपाट हेच साऱ्या वाङ्मयाचे क्षितिज असते. त्या समितीत 'शाळा' वगळली गेली तेव्हा सुखवस्तू घरांतील मुलांचे काहीच बिघडले नाही. ती त्यांना अन्यत्र मिळाली असेल. ज्यांना मिळाली नाही, त्यांच्याविषयीचे उत्तरदायित्व आक्षेप घेणाऱ्या सदस्याचे जितके आहे, तितकेच कारणे ठाऊक असूनही ती शब्दांत न मांडणाऱ्या समीक्षकाचेही आहे.